वेबरच्या पद्धतीतील ‘आकलन’ आणि त्याचे अर्थनिर्णय

मॅक्स वेबर (१८६४–१९२०) याने पद्धतिशास्त्रावर सलग असा एकही ग्रंथ लिहिला नाही, ही गोष्ट त्याच्या पद्धतीविषयीचे वाद वाचताना सतत ध्यानात ठेवावी लागते. १९०३ पासून त्याने या विषयावर जे लिहिले ते बहुतेक कोणाच्या तरी खंडनासाठी लिहिले. रोशर आणि क्नीस हे अर्थशास्त्रज्ञ, एडुआर्ड मायर हा इतिहासकार, श्टामलर हा विधिज्ञ असे प्रतिपक्षी बदलत गेले आणि त्यांच्याबरोबर परिभाषाही बदलली. १९२० साली वेबर निधन पावल्यानंतर त्याची पत्नी मारिआन वेबर हिने हे निबंध १९२२ मध्ये एकत्र प्रसिद्ध केले. एका बांधणीत आल्यामुळे त्यांत एकच सिद्धान्त क्रमाने मांडला असावा, असा वाचकाचा सहज समज होतो. प्रत्यक्षात त्यांत निरनिराळ्या प्रसंगी दिलेली उत्तरे आहेत. भाष्यकारांना आपापल्या मताचा वेबर तेथे सापडतो याचे निम्मे कारण हेच होय.

उरलेले निम्मे कारण एका शब्दात आहे. ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ या ग्रंथाच्या आरंभी वेबरने समाजशास्त्राची जी व्याख्या केली तीत दोन क्रिया आहेत. सामाजिक कृतीचा अर्थ लावून तिचे आकलन करून घेणे ही पहिली, आणि त्या कृतीच्या ओघाचे व परिणामांचे कारण सांगणे ही दुसरी. या दोहोंना जोडणारे जर्मन अव्यय ‘दादुर्ख’ हे आहे. ‘त्यायोगे’ हा त्याचा मराठी प्रतिशब्द. पण ‘त्यायोगे’ म्हणजे नेमके कसे? टॅल्कॉट पार्सन्स आणि हेंडरसन यांच्या १९४७ च्या इंग्रजी भाषांतरात येथे हेतुवाचक रचना आली. आकलन हे साधन झाले आणि कारणमीमांसा हे साध्य झाले. १९६८ साली रोथ आणि विटिख यांनी संपादिलेल्या आवृत्तीत हेच भाषांतर सुधारून घेतलेले आहे; तीत हेतूचा भाग गळाला आणि दोन्ही क्रिया शेजारी शेजारी आल्या. आकलन ही कारणाकडे जाण्याची केवळ पायरी आहे, की अर्थ कळला म्हणजे कारण कळलेच, हा पुढील सगळ्या वादाचा गाभा या एका अव्ययाच्या भाषांतरात साठविलेला आहे.

‘आकलन’ (जर्मन ‘फेरष्टेहेन’) म्हणजे दुसऱ्याच्या मनात शिरणे, असे उत्तर परीक्षेच्या कागदावर वारंवार आढळते. ते वेबरचे मत नव्हे. सीझर समजण्यासाठी सीझर असावे लागत नाही, हे त्याने मुद्दाम नमूद केले आहे. सहानुभूतीने आकलन सोपे होते, पण त्याचा पाया सहानुभूती हा नाही. त्याचे लाकूडतोड्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मनुष्य लाकडे फोडीत आहे एवढे पाहताच कळते. हे प्रत्यक्ष आकलन. तो मजुरीसाठी फोडतो, घरच्या चुलीसाठी फोडतो, करमणूक म्हणून फोडतो, की कोणावरचा राग त्या ओंडक्यावर काढतो, हे कळण्यासाठी कृती एखाद्या अर्थसंदर्भात बसवावी लागते. हे स्पष्टीकरणात्मक आकलन. यांपैकी प्रत्येक अर्थ पटण्याजोगा आहे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. अर्थ पटणे हा तो खरा असल्याचा पुरावा होत नाही. म्हणून वेबर दोन कसोट्या लावतो. अर्थ लावणे आपल्या नेहमीच्या विचारपद्धतीस सुसंगत वाटले पाहिजे, ही अर्थदृष्ट्या पर्याप्तता. आणि अनुभवाच्या नियमांप्रमाणे तशा परिस्थितीत तशी कृती घडण्याचा खरोखर संभव असला पाहिजे, ही कारणदृष्ट्या पर्याप्तता.

दुसऱ्या कसोटीचे मूळ समाजशास्त्रात नाही. फ्रायबुर्ग येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहान्नेस फोन क्रीस याने संभाव्यतेची जी मीमांसा केली आणि जिचा उपयोग जर्मन विधिज्ञ अपराधाची जबाबदारी ठरविण्यासाठी करीत, तिच्यातून वेबरने ती १९०६ च्या निबंधात घेतली. मॅरेथॉनच्या लढाईत इराणी जिंकले असते तर ग्रीक संस्कृतीचे काय झाले असते, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने रिकामा कल्पनाविलास नव्हता. एक घटक मनाने वजा करून परिणाम बदलतो का हे पाहिल्यावाचून इतिहासकाराला कारण ठरविताच येत नाही. वेबरला केवळ अर्थाचा उपासक समजणाऱ्यांनी हा निबंध बहुधा वाचलेला नसतो.

थिओडोर आबेल याने १९४८ साली आकलनाच्या क्रियेवरच एक लहानसा, बोचरा लेख लिहिला. त्याच्याही पहिल्या उदाहरणात लाकडेच आहेत: थंडी पडते, शेजारी उठून लाकडे फोडतो, घरात विस्तव पेटवितो, आणि पाहणाऱ्याला वाटते की आपल्याला सर्व कळले. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. शेतकऱ्यांच्या वस्तीत पीक बुडाले की त्या वर्षी लग्ने कमी होतात. आकडे हाती येताच आपण मधली कडी स्वतः भरतो: पीक बुडाले, चिंता वाढली, खर्चाचे कार्य पुढे ढकलले. ही कडी आकड्यांतून आलेली नसून आपल्याच अनुभवातून आलेली आहे. तेव्हा आकलनाने फार तर तर्क सुचतो, सिद्ध काहीच होत नाही, असा आबेलचा निष्कर्ष. तो बरोबर आहे. पण वेबरविरुद्ध तो कितपत लागू पडतो? नुसता पटणारा अर्थ हे गृहीतकच राहते, हे वेबरने आबेलच्या आधी कितीतरी वर्षे सांगून ठेवले होते.

नेमकी उलट बाजू पीटर विंच याने १९५८ मध्ये घेतली. अर्थ लावणे संशयास्पद वाटल्यास त्याला आकडेवारीचा टेकू देण्याऐवजी अधिक चांगला अर्थ शोधावा, असे त्याचे म्हणणे. यासाठी त्याने भाषेचा दाखला दिला: चिनी भाषेतील कोणता शब्द किती वेळा येतो याची संभाव्यता ज्याला बिनचूक ठाऊक आहे, त्याला चिनी भाषा समजते असे कोणी म्हणणार नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला हा दाखला तत्काळ मान्य होतो. वारंवारतेच्या कोष्टकातून व्याकरण निघत नाही. तथापि विंचने येथे दोन प्रश्न एकत्र केले आहेत. ‘दार उघडे आहे’ हे वाक्य घ्यावे. ती साधी माहिती असेल, दार लावण्याची सूचना असेल किंवा समोरच्याने चालते व्हावे असा इशाराही असेल. मराठी येणाऱ्याला हे तिन्ही अर्थ कळतात. त्यासाठी मोजदाद लागत नाही. पण अमुक माणसाने अमुक वेळी यांतील कोणत्या अर्थाने ते उच्चारले हे केवळ मराठी येण्याने ठरत नाही. पुढे मागे काय घडले, तो मनुष्य एरवी कसा बोलतो, हे पहावे लागते. पहिला प्रश्न विंचचा, दुसरा वेबरचा. आकड्यांतून अर्थ निर्माण होतो असे वेबर कोठेही म्हणत नाही. शक्य अर्थांपैकी कोणता अर्थ प्रत्यक्ष कार्यकारी होता एवढेच त्याला आकड्यांना विचारावयाचे असते.

आल्फ्रेड शुट्झ याची टीका या दोघांहून खोल जाते, कारण ती वेबरच्या घरातूनच येते. १९३२ च्या ग्रंथात त्याने विचारले की ‘कर्त्याला अभिप्रेत अर्थ’ असे वेबर म्हणतो तो कोणत्या क्षणीचा? कृतीपूर्वी योजिलेला, की कृती झाल्यावर मागे वळून पाहताना दिसणारा? त्यावरून त्याने ‘साठी’चा हेतू आणि ‘मुळे’चा हेतू असा भेद केला. मराठीत हा भेद चटकन दृष्टीस पडत नाही, कारण ‘म्हणून’ हे एकच अव्यय दोन्ही कामे करते. ‘पाऊस आला म्हणून छत्री उघडली’ हे वाक्य कारणाचे दिसते; पण ‘भिजू नये म्हणून छत्री उघडली’ असे ते फिरविता येते. अर्थात पहिला ‘म्हणून’ कारणाचा वेष घेतलेला हेतूच आहे. उलट ‘वाईट संगत लागली म्हणून त्याने खून केला’ हे वाक्य असे फिरत नाही. खून करताना संगत हे त्याचे उद्दिष्ट नव्हते. ते कारण मागाहून, बहुधा दुसऱ्याच कोणाला, दिसलेले आहे. क्षेत्रकार्यात ‘असे का केले?’ या प्रश्नाला मिळालेली उत्तरे वाचताना प्रत्येक ‘म्हणून’ अशा रीतीने फिरवून पहावा. मुलाखतींवर आधारलेले पुष्कळसे निष्कर्ष या एका परीक्षेने ढिले पडतील.

या वादाचा भारताशी संबंध वेबरनेच जोडून ठेवला आहे. प्रॉटेस्टंट नीतीवरील १९०४–०५ च्या निबंधांत अर्थदृष्ट्या पर्याप्त अशी मांडणी होती; तिची कारणबाजू तपासण्यासाठी चीन आणि हिंदुस्थान या समाजांचा तुलनात्मक अभ्यास झाला, असे पार्सन्सचे वाचन आहे. हिंदू व बौद्ध धर्मांवरील लेख १९१६–१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वेबर या देशात कधी आला नाही. जनगणनेचे अहवाल आणि भाषांतरित ग्रंथ यांवर त्याची भिस्त होती. कर्मसिद्धान्त मानणाऱ्याने आपले जातिविहित कर्तव्य चोख पार पाडावे आणि वरच्या जन्माची आशा धरावी, ही त्याने दाखविलेली संगती तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु शेतात राबणारा मनुष्य या संगतीने वागत होता काय? मैसूर प्रांतातील खेड्याचा अभ्यास करणारे मै. ना. श्रीनिवास यांनी जातिव्यवस्थेची पोथीतील प्रतिमा आणि प्रत्यक्ष पाहणीत दिसणारी प्रतिमा यांत जो फरक केला, तो याच प्रश्नाला भिडतो.

वेबरकडे यावर उत्तर नव्हते असे नाही. अभिप्रेत अर्थ म्हणजे एखाद्या कर्त्याच्या मनात प्रत्यक्ष असलेला अर्थ, किंवा अनेक कर्त्यांच्या बाबतीत सरासरीने आढळणारा अर्थ, किंवा अभ्यासकाने रचलेल्या शुद्ध नमुन्यातील अर्थ, असे त्याने स्वतःच वेगळे करून ठेवले आहे. कर्मसिद्धान्ताचे विवेचन तिसऱ्या प्रकारचे आहे. नमुना हा वास्तवाशी ताडून अंतर मोजण्यासाठी असतो, हा १९०४ चा नियम त्याला लावला तर ते विवेचन कामाची सुरुवात ठरते. पण हिंदुस्थानाच्या बाबतीत ते अंतर वेबरने मोजले नाही, आणि त्याच्या वाचकांपैकी अनेकांनी नमुन्यातला हिंदू हाच खेड्यातला हिंदू समजून पुढची प्रकरणे लिहिली.