दाढ उपटायची की वाचवायची?

मैत्रिणींनो, घरात कुणाला ताप आला तर संध्याकाळपर्यंत आपण दवाखाना गाठतो. दाढ दुखली की मात्र आधी लवंग, मग लवंगतेल, मग मेडिकलवाल्याला विचारून एखादी गोळी. आणि ती दाढ आपली स्वतःची असेल तर बोलायलाच नको!

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी दोन महिने गाल धरून काम करत होत्या. मशेरी लावली की ठणका कमी होतो, म्हणायच्या. (2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली, पण मशेरी घरच्याच तव्यावर भाजतात. तिला कोण अडवणार?) नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दातांचा विभाग आहे, तिथं जा, असं मी सांगितलं. तर म्हणाल्या, "ताई, दिवसाचा खाडा पडतो. आणि जाऊन काय, उपटणारच ना?"

त्यांचं अगदीच चूक नव्हतं. दाढ उपटायला एक खेप पुरते. वाचवायची तर रूट कॅनालला दोन-तीन खेपा, म्हणजे तेवढेच खाडे. खासगीत करायचं तर वरच्या कॅपसकट खर्च हजारांत जातो. शेवटी मावशी गेल्या, तेव्हा दाढ वाचवण्यापलीकडे गेली होती.

सरकार यात काय करतं? केंद्राने 2014-15 मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. जिल्हा रुग्णालय आणि त्याखालच्या दवाखान्यांत दातांची खुर्ची, साहित्य, डॉक्टर आणि मदतनीस यांच्यासाठी त्यातून मदत मिळते. आपल्याकडे या पैशात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. पण मागणी राज्याने आपल्या आराखड्यात करावी लागते. मागितलंच नाही तर खुर्ची येणार कुठून?

दुसरीकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. 2012 मध्ये ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली. 2023 मध्ये तिचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर न्यायचं ठरलं. चांगलीच गोष्ट आहे. पण ही योजना मुख्यतः दवाखान्यात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन तिच्यात बसतं, किडलेली दाढ भरणं बसत नाही. जबडा काढायची वेळ आली की पैसे मिळणार, त्याआधी नाही, हे मला काही पटत नाही.

म्हणून साध्या उपचारांसाठी सरकारी दवाखाना हाच आधार. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अडचण अंतराची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दातांचा डॉक्टर नसतो. सुरगाणा, पेठकडच्या बाईला ग्रामीण रुग्णालय गाठावं लागतं, नाहीतर थेट नाशिक. गंमत म्हणजे राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशकातच आहे! पण पंचवटीतलं दंत महाविद्यालय खासगी संस्थेचं, आणि जुनी सरकारी महाविद्यालयं मुंबई, नागपूर, संभाजीनगरला.

सरकारी दवाखान्यात गेलात तर उपटण्याआधी विचारा, "डॉक्टर, भरून भागेल का?" विचारायला लाजू नका. दिवस गेलेले असताना हिरड्यांतून रक्त येत असेल तर तेही सांगा. हिरड्या सुजणं त्या काळात नेहमीचं असलं तरी दाखवायला हवंच.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. 2013 मध्ये तो आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतं आणि किडलेले दातही बघतं. पुढच्या उपचारांसाठी चिठ्ठी मिळाली की ती दप्तरातच राहते, हा सगळ्या आयांचा अनुभव! आणि तुमच्यापैकी कुणी पंचायत समितीत असेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला एवढंच विचारा: दातांची खुर्ची आहे का, आणि असली तर आठवड्यातून किती दिवस चालते?