संगणक-कारागिरांची सामाईक वही

पेढीची पत तिच्या वहीवर असते. रोजमेळात खाडाखोड दिसली की विश्वास उडतो, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. संगणकाच्या प्रणाली लिहिणाऱ्या कारागिरांसही अशीच वही लागते. कोणती ओळ कोणी, केव्हा व का बदलली, याची नोंद तीत राहते. ‘गिट’ ही अशी वही होय.

तिच्या जन्माची हकीकत बोधप्रद आहे. ‘लिनक्स’ प्रणालीचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. तो कोणीही वाचावा, सुधारावा व वाटावा. तिचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स २००२ पासून या कामाच्या नोंदी एका खासगी कंपनीच्या ‘बिटकीपर’ नामक वहीत ठेवीत. ती विनामूल्य मिळे, परंतु मालकी व शर्ती कंपनीच्या. २००५ साली वाद होऊन कंपनीने ही सवलत काढून घेतली. तेव्हा टोरव्हाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये स्वतःच नवी वही रचली व ती सर्वांस खुली केली. जुलैपासून तिचा कारभार जुनिओ हमानो पाहू लागले.

या वहीची रचना मार्मिक आहे. प्रत्येक कारागिराजवळ आरंभापासूनची संपूर्ण नक्कल असते. एक प्रत नष्ट झाली तरी दुसरीवरून ती उभी करता येते. प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून व मागील नोंदीच्या खुणेवरून गणिताने काढलेली, मूळ पद्धतीत ४० अक्षरांची, खूण मिळते. जुने पान कोणी गुपचूप बदलले तर पुढील साऱ्या खुणा बदलतात व लबाडी उघडी पडते. नवा प्रयोग करावयाचा तर वेगळी शाखा काढून तो करावा, आणि पसंत पडल्यास मुख्य वहीत मिळवावा. कच्च्या खर्ड्यावरून पक्की नोंद करावी तसे.

खुली म्हणजे बेवारस नव्हे. गिटचा परवाना सांगतो की, तीत फेरफार करून जो ती इतरांस देईल, त्याने आपला मूळ मजकूरही त्यांस द्यावा.

फुकट मिळालेली वस्तू आपली असतेच असे नाही, हे यातून घ्यावयाचे. आज आपले हिशेबही संगणकावर गेले आहेत. म्हणून हिशेबाची प्रणाली घेताना किमतीआधी एक प्रश्न विचारावा : उद्या विक्रेत्याने दुकान बंद केले, तर आमच्या साऱ्या नोंदी आम्हांस वाचता येतील अशा रूपात बाहेर काढता येतील काय? उत्तर नकारार्थी असल्यास आपल्या वहीची किल्ली परक्याच्या हाती आहे, असे समजावे.