गादीच्या आत काय आहे?
गिऱ्हाइकाने काय पाहावे आणि कारागिराने काय सांभाळावे

कापडाच्या धंद्यात आमचे केस पांढरे झाले. मालेगावच्या बाजारात बसून तीस वर्षे आम्ही इतर मालाबरोबर गादीपाटाचे तागे विकत आहोत. आसपासच्या तालुक्यांतले पिंजारी बांधव आणि गादीवाले दुकानदार आमचे जुने गिऱ्हाईक. विणीची घट्टी, रंगाचा पक्केपणा, ताग्याचा पन्हा यांवर आम्ही तासभर बोलू शकतो. पण त्या कापडाच्या आत काय भरले जाते, याची फिकीर आम्ही कधी केली नव्हती. आमची स्वतःची फसगत झाली तेव्हा डोळे उघडले.

मुलीच्या लग्नात आम्ही इतर सामानाबरोबर दोन गाद्या दिल्या होत्या. लग्नाच्या घाईत त्या तयार घेतल्या. दुकानदार ओळखीचा, भाव बेताचा, वरचे कापड तर आमच्याच दुकानाचे! दुसऱ्या पावसाळ्यात गाद्यांना कुबट वास येऊ लागला, मध्ये खड्डा आणि कडेला गोळे झाले. मुलीच्या सासरी पिंजारी चाचांना बोलावले. त्यांनी शिवण उसवली तर आतून लाल, निळा, काळा असा रंगीबेरंगी पिंजा निघाला. जुने कपडे यंत्रात फाडून केलेली ती चिंध्यांची रुई होती. वर दोन बोटे जाडीचा पांढऱ्या रुईचा थर तेवढा खरा होता. चाचा म्हणाले, "शेठ, ही पिंजता येणार नाही. पिंजायला आधी रुई तर पाहिजे!" आमच्या व्याह्यांनी एका शब्दानेही विचारले नाही. तेच आम्हाला जास्त लागले.

त्या दिवसापासून आम्ही चार जाणत्या कारागिरांकडे बसून जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

रुईची पारख

गादीला महागडी मऊ रुई लागते असा पुष्कळांचा समज आहे. खरी गोष्ट उलट आहे. लांब धाग्याची मऊ रुई सुतासाठी मोलाची, पण गादीत ती लवकर दबून बसते. गादीसाठी आखूड धाग्याची, जराशी खरबरीत देशी रुई चांगली. तिच्यात उसळी असते. अडचण अशी की २००२ साली बीटी कपाशीला आपल्या देशात परवानगी मिळाली, त्यानंतर शेतकरी संकरित वाणाकडे वळला आणि देशी कपाशीचा पेरा फार कमी झाला. त्यामुळे चांगली देशी रुई आता शोधावी लागते. गिरणीतून निघणारी टाकाऊ रुई आणि चिंध्यांचा पिंजा यांना बाजारात जागा मिळाली ती यामुळेही.

रुई घेताना ती मुठीत घट्ट दाबून सोडावी. पुन्हा फुलून वर आली तर चांगली, गोळा होऊन बसली तर टाकाऊ. हातात घेऊन झटकावी. सरकीचे तुकडे, कवडी आणि धूळ किती पडते ते दिसते. रुईचा नैसर्गिक रंग किंचित पिवळसर असतो. फार पांढरी आणि चमकदार दिसली तर शंका घ्यावी. चिमूटभर रुई जाळून पाहिली की उलगडा होतो. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो.

सावरीचा कापूस हलका आणि मुलायम असतो. तो उशीत भरावा, गादीत नको. माणसाच्या वजनाखाली तो चुरतो.

वजनात फसू नका. तीन बाय सहा फुटांच्या एका माणसाच्या गादीला साधारण दहा ते बारा किलो रुई लागते. आधी रिकामी खोळ तोलावी, मग भरलेली गादी तोलावी. हे सांगायला कोणी लाजू नये आणि ऐकून कोणी रागावू नये.

कापडाची पारख

हा आमचा प्रांत, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. गादीपाट उजेडासमोर धरावा. विणीतून उजेड जास्त झिरपला तर त्यातून रुईही झिरपणार. कापड दोन्ही हातांत धरून जोराने चोळावे. पांढरी भुकटी पडली तर ती खळ आहे. पहिल्याच धुण्यात कापड विरविरीत होईल. वीतभर तुकडा पाण्यात भिजवून वाळवावा, म्हणजे तो किती आटतो आणि रंग सुटतो का, दोन्ही कळते. गादीवर वेगळा अभ्रा जरूर घालावा. अभ्रा धुता येतो, गादी धुता येत नाही.

कडक की मऊ?

कंबर दुखते म्हटले की आपल्याकडे जो तो सांगतो, फळीवर झोपा. आम्हीही हा सल्ला अनेकांना दिला आहे. पण स्पेनमधल्या डॉक्टरांनी जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांवर याची तपासणी केली आणि २००३ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. अर्ध्यांना कडक गादी दिली, अर्ध्यांना मध्यम कडक. नव्वद दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडलेला दिसला. ज्यांना पायात मुंग्या येतात किंवा वेदना खाली उतरते, त्यांनी मात्र गादी बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

दुकानात गादी बोटाने दाबून काही कळत नाही. तिच्यावर दहा मिनिटे पाठीवर पडावे आणि कमरेखाली हात सारून पाहावा. हात सहज आरपार गेला आणि मधे पोकळी राहिली तर गादी फार कडक. हात शिरतच नाही तर फार मऊ. थोडे अडून हात गेला की गादी आपल्या मापाची. वजनदार माणसाला जास्त भरीव गादी लागते. कुशीवर झोपणाऱ्याला उशी जरा उंच हवी, पाठीवर झोपणाऱ्याला बुटकी. म्हाताऱ्या माणसांसाठी गादीची कड भक्कम हवी, नाहीतर उठताना तोल जातो. तान्ह्या बाळाला मऊ गादी आणि उशी देऊ नये. त्यात तोंड रुतून श्वास कोंडण्याचा धोका असतो.

फोम आणि काथ्या

आम्ही रुईचे तरफदार, पण फोम वाईट असे म्हणणे बेइमानी होईल. फोम वजनाला हलका आणि वापरायला सोपा. मात्र तो घेताना जाडी पाहून भुलू नये, घनता विचारावी. एक घनमीटर फोमचे वजन किती किलो, यावर घनता ठरते. बाजारात ३२, ४० असे आकडे सांगतात ते हेच. हलक्या घनतेचा फोम सहा इंच जाड असला तरी लवकर बसतो. नारळाच्या काथ्याला रबराचा चीक लावून केलेली गादी कडक असते आणि तिच्यातून हवा खेळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फोम गरम होतो ही तक्रार पुष्कळांची आहे. रुईची गादी घाम शोषते, पण म्हणूनच तिला ऊन दाखवावे लागते.

महिन्यातून एकदा गादीला कडक ऊन द्यावे आणि काठीने झोडावे. आठ-पंधरा दिवसांनी बाजू पालटावी. गादीच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात आणि दमेकऱ्याला त्यांचा त्रास होतो. चादर-अभ्रे अधूनमधून गरम पाण्यात धुवावेत. दोन-तीन वर्षांनी रुई पिंजून घ्यावी. फोम बसला की फेकावा लागतो, रुई पुन्हा उभी राहते. हा रुईचा सर्वांत मोठा फायदा आमचे कारागीर गिऱ्हाइकाला सांगतच नाहीत!

कारागीर बंधूंसाठी दोन शब्द

धनुकलीचा आवाज गल्लीतून गेला, यंत्रे आली. ठीक आहे. पण यंत्राजवळ नाक-तोंड बांधल्याशिवाय उभे राहू नका. रुईच्या धुळीने फुप्फुसांचा बिसिनोसिस हा रोग होतो. सुटीनंतर कामावर आलात आणि पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटली, तर ती त्याची खूण समजावी आणि दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट इभ्रतीची. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाचा कहर चालू असताना जळगावच्या औद्योगिक वसाहतीत गादीच्या एका कारखान्यावर पोलिसांनी छापा घातला. गाद्यांत वापरलेले मास्क भरले जात असल्याचे आढळले आणि गुन्हा नोंदवला गेला. ती बातमी देशभर गेली. त्यात कारखाना एकच होता, पण त्यानंतर कित्येक महिने गिऱ्हाईक प्रत्येक गादीवाल्याकडे संशयाने पाहत होते. गादीचा धंदाच असा आहे की माल झाकलेला असतो. जिथे गिऱ्हाईक पाहू शकत नाही, तिथे कारागिराची नियत हेच त्याचे भांडवल.

मोठ्या कंपन्या आज शंभर रात्री वापरून परत करण्याची सवलत देतात, छापील हमी देतात. आपला कारागीर तोंडी भरवसा देतो. एवढ्याने आता भागणार नाही. आम्ही एक छोटी सुरुवात केली आहे. आमच्याकडून गादीपाट नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पांढऱ्या कापडाची एक पट्टी देतो. तिच्यावर पक्क्या शाईने लिहायचे: रुई कोणती, किलो किती, कधी भरली, कोणी भरली. पट्टी गादीच्या शिवणीत शिवून टाकायची. एका बाजूला हातभर चेन लावायची, म्हणजे गिऱ्हाइकाला वाटेल तेव्हा उघडून पाहता येईल.

चिंध्यांची गादी विकायची असेल तर विकावी, गरिबाला स्वस्त मालही लागतो. पण पट्टीवर तसे लिहावे आणि भावही तसाच घ्यावा. पाप चिंध्यांत नाही, चिंध्यांना रुई म्हणण्यात आहे.

पट्टीमुळे आमची दोन जुनी गिऱ्हाइके तुटली. त्यांनी पट्ट्या परत केल्या आणि गादीपाट दुसरीकडून घेऊ लागले. आम्ही कारण विचारले नाही. आमच्या मुलीच्या दोन्ही गाद्या मात्र त्याच चाचांनी नव्या रुईने भरून दिल्या. पहिली पट्टी त्यांच्याच हातची आहे. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून आम्ही लिहू लागलो, तर म्हणाले, "शेठ, वजन तुम्ही लिहा, पण नावाच्या जागी अंगठा माझा घ्या."

तो अंगठा कोणत्याही छापील हमीपेक्षा कमी नाही. आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी यावर जरूर विचार करावा.