ट्रॉली जुंपण्यापूर्वी हूक वाकून पाहा

ट्रॅक्टर घेताना आपण हॉर्सपॉवर विचारतो, हप्ता विचारतो, डिझेल किती खातो तेही विचारतो. पण ज्या हुकावर उसाची भरलेली ट्रॉली ओढायची, तो हूक कुणी वाकून पाहत नाही. चढाला पिन निसटली, तर ट्रॉली सुटते ती थेट मागून येणाऱ्याच्या अंगावर!

आधी ट्रॉली कोणती ते बघा. चारचाकी ट्रॉलीचा भार बहुतेक तिच्याच चाकांवर राहतो, हुकाला ओढ तेवढी लागते. दोनचाकीचा काही भार मात्र थेट हुकावर येतो. हा उभा भार किती चालेल, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहूनच हूक निवडावा.

हूक कंपनीने दिलेल्या भोकांतच बसवा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो, तो मजबुतीचा. पुस्तिकेत सांगितला असेल तोच घ्या. सगळे बोल्ट आलटूनपालटून आवळा आणि पहिल्या खेपेनंतर पुन्हा पाना लावा. हूक मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खालीच हवा. वरून ओढ बसली की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. त्याच कारणाने टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून काही ओढू नका.

पिन म्हणून सळईचा तुकडा चालणार नाही. पिनेला खाली क्लिप हवीच; तार गुंडाळून भागवू नका. पिन झिजली किंवा भोक लांबट झाले, तर वेल्डिंगने भरत बसू नका, भाग बदला. जोडीला सेफ्टी साखळी लावा. वळणाला पुरेल एवढी ढील ठेवा, पण ती रस्त्याला घासता कामा नये.

ट्रॅक्टर मागे घेताना मध्ये कुणाला उभे करू नका. हँडब्रेक लावून मगच पिन घाला. रस्त्याला लागताना ब्रेकची दोन्ही पेडले एकत्र जोडा. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर असू द्या.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पाण्याच्या टँकरचा हूकही तपासून घ्यावा. अर्धा भरलेला टँकर ब्रेक मारताच पाण्याच्या हेलकाव्याने हुकाला हिसके देतो.

गाळप हंगामाआधी एक दुपार काढा. पाना, नवी पिन आणि क्लिप घेऊन ट्रॅक्टरच्या मागे बसा. फडात ट्रॉली भरल्यावर हे काम होत नसते.