नोकरी सोडायची? आधी बेलापूरला एक चक्कर मारा

"सर, नोकरी सोडून धंदा करू का?" असं कोणी विचारलं की मी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजबद्दल बोलतो. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात ही वसाहत आखली. सात-सात घरं, मधे एक अंगण. घरं छोटीच, पण प्रत्येक घर सुटं. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही. का? तर पैसे येतील तसं ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. आज बऱ्याच जणांनी जुनं घर पाडून मोठं बांधलंय. काही लोक नाक मुरडतात, मला मात्र ते पटतं.

मी नोकरी सोडली तेव्हा नेमकं उलटं केलं. वाशीत मोठं ऑफिस, तीन वर्षांचा लॉक-इन, वर कर्जाचा हप्ता. मग भाडं निघावं म्हणून "सहा महिन्यांत लखपती" असली पोस्टरं लावून बॅच भरल्या. त्याची आजही लाज वाटते. "नाही" म्हणायची सोयच ठेवली नव्हती हो!

आता ऑफिस घरातच. भाडं वाचलं, आणि रविवारची संध्याकाळ परत मिळाली. फोन घरी ठेवून डोंगराच्या कडेने चालायचं, टपरीवर कटिंग घ्यायचा.

तुम्ही नोकरी सांभाळून धंदा करून बघताय ना? मग त्यातला सगळ्यात वाईट महिना वहीत लिहा. भाडं आणि हप्ता त्या महिन्यातही निघतोय का? तो आकडा कमेंटमध्ये टाका, मग राजीनाम्याचं बोलू.