हसावे कुणाला?

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पाली येते. जवळच बिंदुसरेचे धरण. अशा गावात संध्याकाळी ओसरीवर चार माणसे बसली, चहा झाला, पाऊसपाण्याचे आणि उसाच्या टोळ्यांचे बोलणे संपले, आणि कुणी जुन्या मालिकांची आठवण काढली, की गंमत पाहावी. एरवी मुकाट बसणारा गडीही पुढे सरकतो. एक जण म्हणतो, “त्या भागात लई हसलो होतो, राव.” दुसरा तो भाग उभा राहून करूनच दाखवतो. तिसऱ्याला सांगता सांगताच हसू आवरत नाही, आणि गोष्ट अर्धीच राहते.

वाचकहो, तुमचाही असा एखादा आवडता भाग असेलच. तो मनात धरून ठेवा. शेकडो भाग पाहिले आणि विसरलो. मग हाच एक कसा राहिला, याचा जरा विचार करू.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकात या केंद्रावर चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी अवतरली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ही दोन्ही पात्रे चिं. वि. जोशी यांची. येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. चिं. वि. हे बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक होते! गावाच्या नावाचा त्या भाषेशी संबंध जोडण्याचे काही कारण नाही. पण जातककथांत रमणाऱ्या या पंडिताने मराठी माणसाला पोट धरून हसवले, एवढे पालीकरांनी आपुलकीने लक्षात ठेवायला हरकत नाही.

मुंबईचे ते प्रक्षेपण तेव्हा बीडपर्यंत पोचत नव्हते. इकडच्या पुष्कळ वाचकांना चिमणराव आधी भेटला तो पुस्तकातून. १९८४ च्या सुमारास देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली आणि दूरदर्शन मोठ्या शहरांबाहेर पसरत गेले. त्याच वर्षी ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका आली. तिचे लेखन हिंदीतले व्यंगकार शरद जोशी यांचे. तीत सतीश शाह दर आठवड्याला नव्या सोंगात येत. माणूस तोच, पण सोंग निराळे. आज हा कोण बनून येणार, या उत्सुकतेनेच अर्धे हसू आधी फुटे. बहुरूपी दारात आला की पोरे धावत सुटतात, त्यातलाच हा प्रकार.

आता या हसण्यामागचे यंत्र कसे चालते ते पाहा. चिमणराव हा भिडस्त, पापभीरू कारकून. गुंड्याभाऊ दणकट, रोखठोक, हातात सोटा. एकाने संकट टाळायला जावे आणि दुसऱ्याने ते हाताला धरून घरात आणावे, अशी ही जोडी. चिमणरावाचे मागणे मोठे नसते. चारचौघांत शोभा होऊ नये, एवढेच त्याला हवे असते. आणि त्यासाठी तो जी जी खटपट करतो, तिनेच शोभा होते. प्रेक्षक हसतो, कारण चारचौघांतली ती भीती त्याच्या स्वतःच्या ओळखीची असते.

हेच गणित सातासमुद्रापलीकडेही चालते. अमेरिकेत १९५२ साली ‘आय लव्ह लूसी’ या मालिकेचा एक भाग झाला, तो आजही जगातल्या अतिशय गमतीच्या भागांत गणला जातो. नवरे म्हणतात, घरकाम सोपे. बायका म्हणतात, पैसे मिळवणे सोपे. कामांची अदलाबदल होते. लूसी आणि तिची मैत्रीण एथेल चॉकलेटच्या कारखान्यात लागतात. सरकत्या पट्ट्यावरून चॉकलेट येणार, ते कागदात गुंडाळायचे, एकही सुटता कामा नये. पट्टा आधी सावकाश चालतो. मग वेग वाढतो. हात पुरेनासे होतात, तशा त्या चॉकलेटे तोंडात कोंबतात, टोपीत दडवतात, पोलक्यात घालतात. मुकादमीण तपासायला येते. पट्टा रिकामा दिसतो. म्हणजे काम चोख झाले, असे समजून ती पट्ट्याचा वेग आणखी वाढवायला सांगते!

साखर कारखान्याच्या गव्हाणीत ऊस कसा पडत राहतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा भाग समजायला इंग्रजी लागत नाही. काम उरकले नाही तर बोलणी, उरकले तर जास्तीचे काम, हा अनुभव कुणाला नवा आहे?

तिसरा भाग आपल्या देशातला. आर. के. नारायण यांच्या कथांवर शंकर नाग यांनी ‘मालगुडी डेज’ ही मालिका केली. १९८६-८७ मध्ये ती दूरदर्शनवर आली. हे शंकर नाग मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेले. मालिकेतल्या ‘इंजिना’च्या गोष्टीत एका साध्या माणसाला जत्रेतल्या सोडतीत बक्षीस लागते. काय लागते? रस्ता दाबायचे रोलर! आधी त्याचा मान वाढतो. मग मैदान रिकामे करायची वेळ येते, आणि इंजिन काही हलत नाही. नगरपालिका जागेचे भाडे मागते. शेवटी माणसे जमवून आणि देवळाचा हत्ती जुंपून ते ओढायला जावे, तर ते एका घराची भिंत पाडते. बक्षीस म्हणून आलेली वस्तू गळ्यात धोंड होऊन बसते. शेवटी भूकंप होतो, इंजिन एका विहिरीत जाऊन पडते, आणि विहिरीचा मालक भांडायचे सोडून आभार मानतो. कारण ती पडकी विहीर बुजवा म्हणून नगरपालिकेने त्याच्यामागे लकडा लावलेला असतो.

या तिन्हींत सारखे काय आहे? पहिले म्हणजे, आरंभीची इच्छा लहान आणि रास्त असते. दुसरे, संकट एकदम कोसळत नाही, पेच एकेक पीळ देत आवळत जातो. आणि प्रत्येक वेळी तो माणूस जे करतो, ते त्या घडीला शहाणपणाचेच वाटते. तिसरे, आता संपले असे वाटते तेव्हा आणखी एक फेरा उरलेला असतो. मुकादमिणीचा हुकूम, विहिरीच्या मालकाचे आभार, हे ते फेरे. पण चौथी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. या भागांत आपण माणसाच्या फजितीला हसतो. त्याच्या बोलीला, रंगाला, अंगकाठीला किंवा दारिद्र्याला हसत नाही.

हा भेद पालीसारख्या गावात राहणाऱ्याला फार जवळचा आहे. कितीतरी विनोदी कार्यक्रमांत खेड्यातला माणूस येतो तो नोकर म्हणून किंवा बावळट म्हणून. त्याने तोंड उघडायचा अवकाश, हशा होतो. त्याच्यावर प्रसंग काय आला, हे पाहायला कुणी थांबत नाही. त्याचे बोलणे हाच विनोद. आपणही हसतो. मग घरचाच मुलगा पुण्याला शिकायला जातो, आणि ‘काय करायलास?’ हे घरात रोज बोलले जाणारे वाक्य तिथे ओठांवर येता येता गिळतो. सुटीत घरी आला की आजीशीही परक्यासारखे बोलतो. त्या हशाची किंमत अशी कुणीतरी भरत असते.

मराठवाडी बोलीत विनोद करूच नये, असे मात्र नाही. उलट याच बोलीत लक्ष्मण देशपांडे यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग केला. हा रंगमंचावरचा खेळ, मालिका नव्हे. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. एकटा नट आणि ५२ पात्रे. खेड्यातले वऱ्हाड लंडनला लग्नाला निघते. तीच बोली, तीच माणसे. पण येथे बोली हा हसण्याचा विषय नाही. तिच्यातून प्रत्येक माणसाचा स्वभाव, अक्कल आणि हट्ट बाहेर पडतो. ऐकणाऱ्याला आपला काका, आपली मावशी ओळखू येते. देशपांडे २००९ मध्ये गेले. पुढे हा प्रयोग माजलगावचे, म्हणजे बीड जिल्ह्यातलेच, संदीप पाठक करू लागले.

आता जुने भाग पाहायला ठराविक वाराची वाट पाहावी लागत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातली पोरेही रात्री कोपीत मोबाइलवर एखादा भाग लावतात. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’त एकेकाळचे चिमणराव प्रभावळकर आबा झालेले दिसतात. घरातल्या तिन्ही पिढ्या एकमेकांची थट्टा करतात. पण रात्री सगळे एकाच घरात सुखाने झोपतील, अशी ती थट्टा. मुलांबरोबर बसून असा भाग पाहावा. मध्येच थांबवून उपदेश करू नये. हसू विरून जाते. भाग संपल्यावर मात्र सहज विचारावे, “तू नेमका कशाला हसलास रे?” उत्तर पोरे फार नेमके देतात.

आणि सुरुवातीला तुम्ही मनात धरलेला तो आवडता भाग? तो पुन्हा एकदा पाहा. ज्याच्यावर आपण हसतो आहोत तो माणूस शेजारी ओसरीवर येऊन बसला असता, तर तोही आपल्याबरोबर हसला असता का? हसला असता असे वाटले, तर त्याच्यासाठी चहा टाका आणि तो भाग पुन्हा लावा.