पिकअपचे टायर बदलताना आकाराइतकाच भारही पाहा

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. त्यानंतरच्या काही महिन्यांत टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे, एरवी गॅरेजपुरता मर्यादित असलेला टायर हा विषय घराघरांत बोलला जाऊ लागला. २०२३ मध्ये परिवहन विभागाने या महामार्गावर येणाऱ्या गाड्यांच्या टायरची तपासणीही सुरू केली. झिजून गुळगुळीत झालेला टायर तपासणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतो. परंतु नवाकोरा, खोल नक्षीचा आणि तरीही त्या गाडीसाठी चुकीचा असलेला टायर सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. मालवाहू पिकअपच्या बाबतीत ही चूक सहज घडते आणि तिची किंमतही मोठी मोजावी लागते.

नारायणगावचा टोमॅटो असो वा पिंपळगाव बसवंतची भाजी, रात्रीतून वाशीच्या बाजार समितीत पोहोचणाऱ्या मालाचा मोठा भाग या पिकअप गाड्याच वाहतात. शहरातल्या शहरात पाण्याचे जार, मंडपाचे साहित्य, फर्निचर, कुरिअरचे गठ्ठे यांची ने-आणही त्यांच्यावरच चालते. गाडीचा मालक बहुधा एकाच गाडीचा धनी असतो आणि तीही कर्जाऊ घेतलेली. चार टायर एकदम बदलायची वेळ आली की त्याचे महिन्याचे गणित कोलमडते. साहजिकच तो दुकानात घासाघीस करतो. अशा वेळी दोन सल्ले त्याला हमखास मिळतात. पहिला, ‘हाच साइज दुसऱ्या प्रकारात स्वस्त आहे, तो टाका’. दुसरा, ‘एक नंबर मोठा टाका, गाडी उंच होईल, लोड घेईल’. दोन्ही सल्ले ऐकायला बरे वाटतात. ते कोठे चुकतात हे समजण्यासाठी टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे वाचता आले पाहिजेत.

आकडे काय सांगतात?

उदाहरणादाखल अनेक पिकअप गाड्यांना चालणारा २१५/७५ आर १५ हा आकार घेऊ. यातील २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. ती मिलिमीटरमध्ये नसून रुंदीच्या टक्केवारीत असते. ‘आर’ हे अक्षर टायर रेडियल असल्याचे सांगते, तर १५ हा रिमचा व्यास असून तो इंचांत दिलेला असतो. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन मापे नांदतात, हा या पद्धतीचा विचित्रपणा म्हटला पाहिजे. काही मालवाहू टायरवर मधला टक्केवारीचा आकडा नसतो. टाटा एसला चालणारा १४५ आर १२ हा त्यातलाच. अशा वेळी उंची रुंदीच्या सुमारे ८२ टक्के धरली जाते. मोठ्या क्षमतेच्या काही पिकअपवर दिसणारा ७.०० आर १५ हा आकार त्याहून जुन्या पद्धतीचा. त्यात रुंदीही इंचांतच असते.

बहुतेक ग्राहकांचे वाचन येथेच थांबते. दुकानदाराला फोनवर हे तीन आकडे सांगितले की काम झाले, असा समज असतो. खरे तर पिकअपच्या दृष्टीने महत्त्वाची माहिती याच्या पुढे, काहीशा लहान अक्षरांत असते. ती म्हणजे भार निर्देशांक. हा आकडा थेट किलोमध्ये नसतो, तो ठरलेल्या तक्त्यातून वाचावा लागतो. ९५ म्हणजे ६९० किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ किलो, १०६ म्हणजे ९५० किलो, तर ११० म्हणजे १०६० किलो. एका टायरने जास्तीत जास्त एवढा भार पेलावा, असा त्याचा अर्थ. मालवाहू टायरवर १०६/१०३ अशी जोडी असेल, तर पहिला आकडा एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाके असलेल्या गाडीसाठी असतो. निर्देशांकाला लागून असलेले इंग्रजी अक्षर वेगमर्यादेचे असते. ‘क्यू’ म्हणजे ताशी १६० किलोमीटर, ‘एस’ म्हणजे १८०. भरलेली पिकअप या वेगाच्या जवळपासही जाऊ नये, त्यामुळे त्या अक्षरावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

आता ‘हाच साइज स्वस्तात’ या सल्ल्याकडे वळू. २१५/७५ आर १५ हाच आकार बोलेरोसारख्या प्रवासी गाडीलाही चालतो. प्रवासी प्रकारातील या टायरवर भार निर्देशांक बहुधा १०० असतो. याच आकाराचा, पण हलक्या मालवाहू गाड्यांसाठी बनवलेला आठ प्लाय रेटिंगचा टायर घेतला, तर निर्देशांक १०६ च्या आसपास असतो. दोन्ही टायर एकाच रिमवर तंतोतंत बसतात, शेजारी ठेवले तर सारख्याच उंचीचे दिसतात. फरक आहे तो एका टायरमागे १५० किलोचा, म्हणजे मागच्या दोन चाकांवर मिळून ३०० किलोचा.

समजा, एखाद्या पिकअपच्या नोंदणी पुस्तकात मागच्या अॅक्सलचे नोंदणीकृत वजन १,८५० किलो आहे. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर ९२५ किलो, आणि निर्देशांक किमान १०५ हवा. तेथे १०० निर्देशांकाचे टायर बसवले की क्षमता उरते १,६०० किलोची. कायद्याच्या चौकटीतला पूर्ण माल भरूनही गाडी २५० किलोने टायरच्या क्षमतेपलीकडे जाते. वीस किलोच्या टोमॅटो क्रेटच्या हिशेबात सांगायचे, तर बारा-तेरा क्रेट टायरच्या ताकदीबाहेरचे. हौद्यात किती भरायचे हे अनेकदा नोंदणी पुस्तक नव्हे, तर हंगाम ठरवतो, हे वास्तव लक्षात घेतले तर प्रत्यक्षातील तफावत याहून मोठी असणार.

क्षमतेपेक्षा जास्त भार आला की टायर लगेच फुटत नाही, आणि म्हणूनच मालक निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात प्रत्येक फेऱ्यात बाजूची भिंत नको तितकी वाकते आणि सरळ होते. या घुसळणीतून उष्णता निर्माण होते. ती बाहेर पडण्याचा वेग कमी आणि साठण्याचा जास्त झाला, की रबर आणि आतील पोलादी तारांचे थर यांच्यातील पकड सुटू लागते. हवा कमी असेल तर हीच प्रक्रिया अधिक वेगाने घडते. मे महिन्यातील दुपार, तापलेला रस्ता आणि न थांबता केलेला लांबचा प्रवास या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की टायर जातो. भरलेल्या पिकअपचा गुरुत्वमध्य उंच असल्याने मागचे एक चाक अचानक बसले, तर गाडी सावरणे अनुभवी चालकालाही अवघड होते.

प्लाय रेटिंगविषयीही एक गैरसमज आहे. पूर्वी सुती धाग्याचे थर मोजून हा आकडा दिला जाई. आजच्या रेडियल टायरमध्ये आठ किंवा दहा थर नसतात. आकडा केवळ बळकटीची श्रेणी सांगतो. शिवाय, दहा प्लायचा टायर घातला म्हणून गाडीची मान्य क्षमता वाढत नाही. मागे एखादा जादा पाटा चढवून आणि जाड टायर बसवून ‘गाडी मजबूत केली’ असे समाधान मानणारे मालक कमी नाहीत. ब्रेक, अॅक्सल आणि चासी मात्र पूर्वीचीच राहते.

‘एक नंबर मोठा’ टाकल्यावर

दुसऱ्या सल्ल्याचा हिशेब साध्या गणिताने मांडता येतो. २१५ च्या ७५ टक्के म्हणजे १६१.२५ मिलिमीटर. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून ३२२.५. त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की टायरचा एकूण व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो. आता त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवला, तर व्यास होतो ७३३.५ मिलिमीटर. वाढ तीस मिलिमीटरची, म्हणजे सुमारे सव्वाचार टक्क्यांची.

या सव्वाचार टक्क्यांचे परिणाम अनेक ठिकाणी उमटतात. वेगमापक चाकाच्या फेऱ्यांवरून वेग काढतो. काटा ताशी ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८३ च्या पुढे धावत असते. किलोमीटर मोजणारे यंत्रही मागे पडते. एक हजार किलोमीटर धावलेली गाडी ९५९ किलोमीटरच दाखवते. मग मालक तक्रार करतो की मायलेज घसरले, आणि त्यातला काही भाग केवळ मोजणीचा दोष असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चाक मोठे झाल्याने रस्त्यावर मिळणारी ओढ तेवढ्याच प्रमाणात घटते. सपाट रस्त्यावर ते जाणवणार नाही. माल भरून कसारा किंवा माळशेज घाट चढताना मात्र एक गिअर खाली उतरावे लागते, क्लचवर ताण येतो. ब्रेकलाही अधिक मोठे आणि जड चाक थांबवावे लागते.

रुंदीचा प्रश्न वेगळाच. २३५ रुंदीच्या टायरला किमान सहा इंच रुंदीची रिम लागते. पिकअपची रिम साडेपाच इंचांची असेल, तर टायर त्यावर चढतो खरा, पण त्याच्या कडा आवळल्या जातात आणि रस्त्याला टेकणारा भाग मधोमध फुगतो. नक्षी मध्येच झिजते, वळणावर गाडी डोलते. कोणत्या टायरला कोणत्या रुंदीची रिम चालते, याची कोष्टके टायर कंपन्यांकडे उपलब्ध असतात. ती पाहण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. पुढच्या चाकांत टायर पूर्ण वळणावर आतल्या पत्र्याला घासतो का, हेही पाहावे. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर गाडी भरल्यावर घासू शकतो.

आकार बदलायचाच असेल, तर एकूण व्यास मूळच्या जवळपास राहील असाच पर्याय निवडावा. स्वतः वाहन कंपन्याही हेच पथ्य पाळतात. टोयोटा हायलक्स या पिकअपच्या वेगवेगळ्या श्रेणींत २६५/६५ आर १७ आणि २६५/६० आर १८ असे दोन आकार येतात. रिम एक इंचाने मोठी, पण भिंत तेवढी बुटकी; परिणामी दोहोंच्या व्यासात जेमतेम एक मिलिमीटरचा फरक. २१५/७५ आर १५ च्या जागी २२५/७० आर १५ घेतल्यास व्यास केवळ एक टक्क्याने घटतो. मात्र येथेही भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा आणि रिमची रुंदी जुळावी, या दोन अटी आहेतच.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हेच अधोरेखित केले आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीला शंका घेण्यास जागा राहू नये, यासाठी वाहनाच्या पुस्तिकेत दिलेल्या आकारांतूनच निवड करणे श्रेयस्कर. दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवरही आकार आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचा, तसेच रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा दाब वेगळा असू शकतो. टायरवर लिहिलेली भारक्षमता ठरलेला दाब असेल तरच मिळते, हे विसरून चालणार नाही.

खरेदीच्या वेळी आयएसआय चिन्ह आणि निर्मितीची तारीख पाहावी. तारखेचे चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. एकाच अॅक्सलवर दोन आकारांचे, किंवा एक रेडियल आणि एक जुन्या पद्धतीचा नायलॉन टायर बसवू नये. चारऐवजी दोनच टायर घेण्याइतके पैसे असतील, तर ते दोन्ही एकाच अॅक्सलवर जावेत. स्टेपनीकडे तर कोणाचेच लक्ष नसते. चारही टायर योग्य निर्देशांकाचे घेतले आणि हौद्याखाली जुना, कमी भाराचा टायर लटकत राहिला, तर पंक्चर झालेल्या रात्री भरलेली गाडी त्याच्याच भरवशावर पुढचा रस्ता काटणार आहे.